झांस्करच्या घळईतून राफ्टिंग करायला आठ दिवस पुरतील का?

तुमचा प्रश्न असा आहे: बडोद्याचे तुम्ही सहा मित्र येत्या ऑगस्टमध्ये लडाखमधल्या झांस्कर नदीच्या घळईतून राफ्टिंगची मोहीम करणार आहात, घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत आठ दिवस हाताशी आहेत, ते पुरतील का, ऑपरेटर कसा निवडावा आणि माणशी खर्च किती धरावा.

आठ दिवस पुरणार नाहीत. अकरा दिवसांची रजा मिळत नसेल तर हा बेत पुढच्या वर्षावर टाका. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नऊ दिवसांचे वेळापत्रक घेऊन गेलेला आणि अकराव्या दिवशी घरी पोहोचलेला माणूस म्हणून मी हे सांगतो आहे, आणि त्या दोन दिवसांवरून आमच्या घरात अजूनही वाद आहे.

वेळापत्रक माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे मेहुण्यांनी आखले होते. आम्हीही सहाच जण होतो: मेहुणे, त्यांचे तीन मित्र, माझा बावीस वर्षांचा भाचा आणि मी. पहिल्या रात्री रेल्वेने दिल्ली, दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने लेह, तिसरा दिवस लेहमध्येच, चौथ्या दिवशी कारगिल, पाचव्या दिवशी झांस्करचे मुख्य गाव पदुम, सहाव्या, सातव्या आणि आठव्या दिवशी नदी, आठव्या दिवशी संध्याकाळी लेह आणि नवव्या दिवशी सकाळचे परतीचे विमान. त्यात एकही राखीव दिवस नव्हता. मला ते तेव्हाच खटकले होते आणि मी तसे बोललोही होतो, पण मेहुणे म्हणाले, "दादा, कोरा दिवस ठेवला की तो लेहच्या बाजारातच जातो," आणि मी गप्प बसलो. ती चूक माझी होती, आणि तुमच्या सहा जणांत ती कोणी करू नये म्हणूनच हे उत्तर इतक्या विस्ताराने लिहितो आहे.

मी बडोद्यातच वाढलो आणि नोकरीची सगळी वर्षे पाणीपुरवठ्याच्या कामात काढली. बडोद्याच्या माणसाला पाण्याची पातळी शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर आपण आधी आजवा तलावाची पातळी विचारतो, मग काळ्या घोड्याच्या पुलाखाली विश्वामित्री नदी किती फुटांवर आहे ते पाहतो, आणि २६ फूट ही धोक्याची खूण लहान मुलांनाही पाठ असते. शहरात ऊन पडलेले असले तरी पावागढच्या बाजूला रात्रभर पाऊस झाला असेल तर आपण निर्धास्त होत नाही, कारण समोर दिसणारे पाणी वरून काही तासांपूर्वी निघालेले असते, आणि आता वर पडणारे पाणी अजून यायचे असते, हे आपण घरातल्या तळमजल्यावरचे सामान उचलून उचलून शिकलेलो आहोत.

झांस्करला हाच नियम लागू आहे, फक्त त्यातला पाऊस काढून तिथे सूर्य ठेवायचा. लडाख हे हिमालयाच्या पर्जन्यछायेतले थंड वाळवंट आहे आणि लेहला वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. झांस्करमध्ये उन्हाळ्यात वाहते ते मुख्यतः वितळलेले बर्फ असते. पेन्सी ला या खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंग हिमनदीतून स्तोद नदी निघते, पदुमजवळ तिला लुंगनाक मिळते आणि तिथून पुढे झांस्कर हे नाव लागते. हिमनदी सर्वांत जास्त वितळते ती दुपारी. ते पाणी दरीतून खाली यायला काही तास घेते, आणि म्हणून पदुमच्या खाली नदीचा चढ मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे येतो. यात आपल्याकडच्या सवयीला धक्का देणारी गोष्ट अशी की निरभ्र आकाश आणि कडक ऊन म्हणजे उद्या जास्त पाणी, आणि ढगाळ, गार दिवस म्हणजे उद्या कमी पाणी. आमच्या गटातले सगळे जण निळे आकाश पाहून खूश होत होते, आणि मी रोज थोडा अधिक अस्वस्थ होत होतो, कारण सलग तीन दिवस एकही ढग आला नव्हता.

पहिला दिवस सोपा गेला. पदुमच्या खाली दरी रुंद आहे, नदी वाळूत आणि गोट्यांत फाटे फोडून वाहते, दूरवर डोंगराच्या कड्याला चिकटलेला करशाचा मठ दिसतो आणि वल्ही मारण्याची तालीम करायला भरपूर वेळ मिळतो. पिदमोला मुक्काम केला. खरी घळई तिथून पुढे चालू होते, आणि ही गोष्ट नकाशावर पाहिली तर साधी वाटते, पण मोहिमेचा सगळा निर्णय याच जागेवर असतो: पिदमोपर्यंत तुम्ही थांबू शकता, मागे फिरू शकता, गाडी बोलावू शकता. पुढे दोन्ही बाजूंना कडे उभे राहतात आणि मग नदी नेईल तिथेच जावे लागते.

मुक्कामाच्या काठावर एका मोठ्या खडकावर गाळाची रेघ होती. आदल्या काही दिवसांत पाणी सर्वांत वर कुठवर आले होते ते ती रेघ सांगत होती. संध्याकाळी सहा वाजता पाणी त्या रेघेच्या बरेच खाली होते. पहाटे पाच वाजता मी टॉर्च घेऊन गेलो तेव्हा रेघ दिसतच नव्हती, पाणी तिच्यावर हातभर चढलेले होते, त्याचा राखी रंग जाऊन ते मातकट काळे झाले होते, आणि तळाशी गोटे घरंगळत जाण्याचा आवाज काठावर उभे राहून ऐकू येत होता. पहाटे पाणी चढते यात नवल नाही, ते रोजच चढते. पण कालच्या चढाच्या वर ते गेले होते, आणि नऊ वाजले तरी उतरायला लागले नव्हते.

मी म्हणालो की आज थांबावे. मेहुण्यांनी घड्याळ दाखवले. गाईड उत्तराखंडचा अनुभवी माणूस होता. त्याने दोघांचेही ऐकून घेतले आणि हिंदीत एवढेच म्हणाला की नदी आज मोठी आहे, जाता येईल, पण तुमचे विमान नसते तर मी थांबलो असतो. हे वाक्य मी नीट लक्षात ठेवले आहे. ज्या माणसाला नदी कळते तो विमानाच्या तिकिटासाठी आपले मत बाजूला ठेवायला तयार झाला होता, आणि तिकीट आम्ही काढलेले होते. मी राफ्टमध्ये बसायला नकार दिला. भाचा माझ्याबरोबर राहिला. चार माणसांना घेऊन दोघांना मागे सोडता येत नाही म्हणून सगळेच थांबले, आणि त्या दिवशी मेहुणे माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

त्याच सकाळी साडेनऊच्या सुमारास दुसरा एक गट आमच्या समोरून घळईत गेला. ते सगळे सुखरूप पोहोचले. मेहुण्यांचा मुद्दा आजही हाच आहे, आणि गणपतीत सगळे एकत्र जमलो की तो मांडला जातोच: ते गेले, त्यांना काही झाले नाही, म्हणजे आपणही गेलो असतो तर काही झाले नसते, आणि सहा तिकिटांचे पैसे वाचले असते.

दुपारी ढग आले आणि हवा गार झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी गाळाच्या रेघेच्या वीतभर खाली होते. आम्ही निघालो. घळईचे वर्णन मी इथे करणार नाही. तांबड्या, जांभळ्या, हिरवट खडकांचे थर नदीच्या दोन्ही अंगांना दुमडलेल्या सतरंजीसारखे उभे आहेत, आणि ते पाहायलाच तुम्ही जाणार आहात. नेराकला मुक्काम झाला. त्याच्या पुढच्या दिवशी, एका रॅपिडमध्ये, म्हणजे खडकांवरून उसळत जाणाऱ्या वेगवान पाण्यात, राफ्टचा नाकाडा लाटेत घुसला आणि उजवीकडे पुढे बसलेला माझा भाचा पाण्यात गेला.

तो चांगला पोहतो. बडोद्याच्या तरणतलावात तो रोज जात असे. अंगात वेटसूट होता, लाइफ जॅकेट होते, डोक्यावर हेल्मेट होते. राफ्टबरोबर छोट्या होडीतून मदतीसाठी चालणाऱ्या सेफ्टी कयाकवाल्याने त्याच्यापर्यंत पोहोचायला दोन मिनिटेही घेतली नसतील. पण त्याआधी गाईडने फेकलेली दोरी थेट त्याच्या छातीवर पडली होती, आणि ती त्याला धरता आली नाही. त्याने नंतर सांगितले की दोरी दिसत होती, हात तिच्यावर होता, पण बोटे मिटत नव्हती. बर्फाच्या पाण्याचे हेच आहे. पहिले मिनिट श्वास आवरण्यात जाते, त्यानंतर साधारण दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात असे या क्षेत्रातले लोक शिकवतात, आणि बोटे त्याच्याही आधी दगा देतात. हे सगळे कमी झालेल्या पाण्यात घडले. आम्ही थांबलो त्या दिवशीच्या पाण्यात लाटा मोठ्या, वेग जास्त आणि दोन रॅपिडांमधले संथ पाणी आखूड असते. घळईच्या खालच्या टोकाला चिलिंग येथे राफ्ट सोडून गाडीत बसेपर्यंत मी त्याचे हात माझ्या हातांत धरून बसलो होतो.

विमान चुकले. नव्या तिकिटांना एक दिवस गेला आणि जुन्यांचे पैसे गेले. माझ्या वाट्याचेच नव्हे तर भाच्याच्या वाट्याचेही पैसे मी दिले, आणि मेहुण्यांनाही देऊ केले होते. त्यांनी घेतले नाहीत, हे त्यांच्याविषयी सांगायलाच हवे.

दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीची हकिकत पाठवली. जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताच्या माजी सैनिकाने २४ मे १८६९ रोजी नऊ माणसे आणि चार होड्या घेऊन ग्रीन नदीवरून मोहीम सुरू केली. ग्रँड कॅनियन त्यांनी नदीतून पार केले. शेवटी शेवटी एक भयंकर रॅपिड पाहून तीन माणसांनी पुढे जायला नकार दिला आणि २८ ऑगस्टला ती कडा चढून बाहेर पडली. ती तिघे मारली गेली. जे होडीत बसले ते २९ ऑगस्टला घळईच्या पलीकडे जिवंत निघाले. मेहुण्यांनी खाली लिहिले होते की नदीत जाणारे वाचले आणि काठावर थांबणारे गेले.

मी ती हकिकत त्याआधीही वाचलेली होती, आणि मला तिच्यात दुसरेच दिसते. पॉवेल दहा महिन्यांचा शिधा घेऊन निघाला होता. सुमारे दोन आठवड्यांत एक होडी फुटली आणि तिच्याबरोबर त्यातले बरेच धान्य गेले, उरलेले भिजून कुजले, आणि ऑगस्टच्या शेवटी त्या रॅपिडपाशी पोहोचले तेव्हा जेमतेम काही दिवसांचे अन्न शिल्लक होते. थांबून पाणी उतरण्याची वाट पाहणे त्यांना शक्यच नव्हते. होडीत बसलेल्यांनाही नव्हते आणि कडा चढलेल्यांनाही नव्हते. दोन्ही बाजूंची माणसे शहाणी होती, पण तोपर्यंत त्यांच्या हातातून निवड निघून गेलेली होती. पिदमोला आमच्याकडे धान्य होते, तंबू होते, एक दिवस थांबण्याने फक्त पैसे जाणार होते, आणि तरीही आम्ही जणू शिधा संपल्यासारखे भांडलो. दुसरा गट सुखरूप गेला यावरून त्या सकाळी जाणे योग्य होते असे ठरत नाही. सकाळी साडेनऊ वाजता आपल्याला काय दिसत होते यावरून ते ठरते, आणि आपल्याला गाळाच्या रेघेवर हातभर पाणी दिसत होते.

म्हणून दिवसांचा हिशेब असा करा. बडोद्याहून निघून दुसऱ्या दिवशी लेह. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तिथे तीन रात्री काढा आणि पहिले दोन दिवस जिना चढण्यापलीकडे काही करू नका. आम्ही दोनच रात्री काढल्या आणि मेहुण्यांचे एक मित्र कारगिल-पदुम वाटेवरच्या रंगदुमपासून पेन्सी लापर्यंत डोके धरून बसले होते. पेन्सी ला सुमारे ४,४०० मीटर आहे. आता लेहजवळच्या निम्मू ते पदुम हा रस्ता झाल्यामुळे कारगिलचा फेरा टाळता येतो आणि एक दिवस वाचतो. तो दिवस दुसरे काही पाहण्यात घालवू नका, नदीवर ठेवा. मनालीकडून दारचामार्गे थेट पदुमला जाण्याचा सल्ला कोणी देईल, पण त्या वाटेवरची शिंकु ला पाच हजार मीटरहून उंच आहे आणि सपाटीवरून आलेल्या माणसाने पहिल्याच दोन दिवसांत तिथे जाऊ नये. नदीवर तीन दिवस आणि पिदमोला एक राखीव दिवस. लेहला परतल्यावर विमानाआधी आणखी एक राखीव दिवस, कारण तिथली विमाने बहुतेक सकाळीच उडतात आणि हवा बिघडली की त्या दिवसापुरती रद्द होतात. दोन्ही राखीव दिवस वापरावे लागले नाहीत तर लेहमध्ये बसून राहा.

ऑपरेटरला माझे प्रश्न ठरलेले आहेत. आमचा गाईड कोण, आणि याच हंगामात तो ही घळई किती वेळा उतरला आहे, हे विचारा. मागच्या वर्षीचा अनुभव पुरत नाही, कारण रस्त्याच्या कामात आणि दरडींमुळे नदीत दगड येतात आणि रॅपिड बदलतात. झांस्करच्या वरच्या अंगाला ३१ डिसेंबर २०१४ च्या दरडीने नदी अडली होती आणि तो बांध ७ मे २०१५ ला फुटून खालचे पूल वाहून गेले; इतक्या मोठ्या घटनेनंतर नदीचे पात्र पूर्वीसारखे राहत नाही. सेफ्टी कयाक बरोबर आहे का ते विचारा, आणि "राफ्ट दोन आहेत, कयाकची गरज नाही" असे उत्तर आले तर दुसरा ऑपरेटर शोधा. पाणी चढले तर थांबण्याचा निर्णय गाईडचा राहील आणि त्या दिवसाचे पैसे कसे धरले जातील, हे आधी लिहून घ्या, म्हणजे काठावर उभे राहून कोणाला तिकीट दाखवावे लागणार नाही. वेटसूट आणि लाइफ जॅकेट लेहमध्येच अंगावर चढवून पाहा. जॅकेटचे खांदे धरून कोणी वर ओढले तर ते हनुवटीच्या वर सरकता कामा नये. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडून मेल्यानंतर ही गोष्ट बडोद्याच्या माणसाला दोनदा सांगावी लागू नये.

तंबू कोरड्या ओढ्याच्या मुखाशी लावू देऊ नका. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटीने केवढा चिखल आणला ते सर्वांना आठवत असेल. घळईत मोबाइल चालत नाही, आणि बाकी लडाखमध्येही गुजरातचे प्रीपेड सिम बंद पडते, तेव्हा निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या. उपग्रह फोन कोणाकडून मागून नेऊ नका, परवानगीशिवाय तो बाळगणे भारतात गुन्हा आहे. खर्चाचा आकडा ऑपरेटर सांगेल, त्यात परतीचे तिकीट बदलता येणारे घ्या आणि साहसी खेळ वगळलेले नाहीत असा विमा धरा.

दोन गोष्टी मेहुण्यांच्या बाजूनेही लिहितो, कारण त्या खऱ्या आहेत. पाणी वाढले म्हणजे प्रत्येक रॅपिड अवघड होतो असे नाही. काही ठिकाणी खडक पाण्याखाली बुडून वाट मोकळी होते, आणि त्या दिवशी गेलेल्या गटाच्या गाईडला कदाचित हेच माहीत असेल. शिवाय माझा भाचा पाण्यात पडला तो आम्ही थांबल्यानंतरच्या दिवसात, आम्ही गेलो असतो त्या दिवशी तो पडलाच नसता असेही कोणी म्हणू शकते, आणि मला त्याला उत्तर देता येणार नाही. भाचा स्वतः पुन्हा त्या नदीवर जायला तयार आहे. या वेळी वेळापत्रक तो आखतो आहे, त्यात पिदमोला दोन रात्री आहेत, आणि त्याने मेहुण्यांनाही बोलावले आहे.

तुमची परतीची तिकिटे अजून काढलेली नसतील तर आधी ती तारीख तीन दिवस पुढे न्या. वेटसूटची जाडी आणि कपड्यांचे प्रश्न त्यानंतर विचारा, मी उत्तर देईन.